शेवयांच्या खिरीतली अर्धी गोळी

चार वर्षांची क्षितिजा रात्री एकच्या आत झोपत नसे. तिला झोपवणारे आईबाप मात्र साडेदहालाच पेंगत. तेव्हा २००७ च्या दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या नणंदेने मेलाटोनिनची, म्हणजे झोपेच्या गोळ्यांची, बाटली क्षितिजाच्या आईच्या, नीलिमाच्या हातात ठेवली.

"अगं, तिकडे सगळे देतात."

तिकडे सगळे देतात म्हटल्यावर बेव्हर्ली पार्क सोसायटीत पुढचा प्रश्न कोण विचारणार?

नीलिमाने आठ वाजता अर्धी गोळी कुटून शेवयांच्या खिरीत कालवली. हाताला लागली त्या वाटीत खीर भरली, वर ताटली झाकली आणि पलंगाखाली दडलेल्या क्षितिजाला ओढून काढायला गेली. लेक हाती आली, तोवर अर्धा तास उलटला होता आणि वाटीही गेली होती.

"आई, इथली खीर?"

"दिली की सुलूला, आली होती ती," सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या. "तिने परवा घावनं पाठवलेली, तिचीच ना वाटी? शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे तुला एकदाचं कळलं म्हणून कौतुक वाटलं हो मला."

सात वर्षांच्या संसारातलं हे पहिलं कौतुक. पण नीलिमाने छताकडे पाहिलं. तीन मजले वर सुलूचा बंटी होता. वय वर्षं तीन, आणि गोडासाठी जीव टाकणारा.

तिने डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"कुणाला विचारून देत होतात?"

"नणंदेला."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही, त्या न्यू जर्सीला आहेत."

"लहान मुलांना असलं परस्पर काही देतात का? आधी त्या मुलाजवळ जा. झोपला असेल आणि उठवूनही उठत नसेल, तर तडक दवाखान्यात आणा. मी करतो फोन."

लिफ्ट बंदच होती. पहिल्या जिन्यावर नीलिमाने 'सुलू, मला माफ कर, पण घाबरू नकोस' अशी जुळवाजुळव केली. दुसऱ्यावर 'सुलू, माफ कर' एवढंच उरलं. तिसऱ्यावर नुसतं 'सुलू'.

दार लोटलेलंच होतं. सोफ्यावर सुलू आ वासून घोरत होती. बंटी सोफ्याच्या पाठीचा घोडा करून बसला होता.

"बंटी! खीर खाल्लीस तू?"

"मम्मीने खाल्ली. पूरी. मला चाटायला पण नाय दिली!"

नीलिमाने सुलूला गदागदा हलवलं. सुलूने एक डोळा उघडला. "काय गं? हा बारा-बारा वाजेपर्यंत नाचवतो मला. आज जरा डोळा लागला, तर तू!" आणि ती कूस बदलून पुन्हा घोरू लागली. हा प्रताप अर्ध्या गोळीचा की तीन वर्षांच्या जागरणाचा, ते देव जाणे.

नीलिमाचा मोबाइल वाजला.

"काय झालं? मुलगा झोपला?"

"नाही हो डॉक्टर!" नीलिमाला रडूच फुटलं. "टक्क जागा आहे! उड्या मारतोय!"

"आणि आई?"

"हलवलं की शिव्या देतेय."

"मग ठीक आहे. लक्ष ठेवा रात्रभर. तुमची मुलगी कशी आहे?"

नीलिमाने वळून पाहिलं. क्षितिजा अनवाणीच तिच्या मागोमाग वर आली होती आणि सोफ्यावर चढायला बंटीचा हात मागत होती.

"तीही जागीच आहे."

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.