खयचो होयो?

आमच्या पेडण्याच्या दूध सोसायटीत कॉम्प्युटरवर रिपोर्टचं बटण दाबलं की रिपोर्ट कधी येत नसे. आधी प्रश्न येई, ‘खयचो होयो?’, म्हणजे कुठला हवा, आणि खाली चार नावं: जुना, मधला, नवा, अगदी नवा.

ही करणी गजाबाबची. आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे तो एकटाच. दुधाचा रिपोर्ट तो अधूनमधून सुधारायचा, पण आधीचा पुसायचा मात्र नाही. आम्ही वैतागलो की शांतपणे म्हणायचा, “मनशाक विचारूक होया. आपणच ठरवूचा नाय.” हॉटेलात पाव मागवतानासुद्धा प्रत्येकाला विचारी, उंडो की पोयी? तोवर भाजी निवून जाई. पण त्या टेबलावर बसून हसलो तेवढे आम्ही पुढे कुठे हसलो नाही.

मग नव्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी विचारलं, “जुना रिपोर्ट वापरतं कोण?”

“डिचोलीच्या शाखेतले तुळशीदासदादा.”

“एका माणसासाठी? काढून टाका.”

गजाबाब वाद घालील असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, “काढतंय. पण आधी तेंका नवो शिकयतंय.”

तुळशीदासदादांची नजर अधू. नव्या रिपोर्टातल्या दाटीत त्यांना काही सापडत नसे. गजाबाबने अक्षरं मोठी केली, एकूण दुधाचा आकडा खालून वर आणला आणि रोज कामावरून सुटल्यावर म्हापशाला बस बदलून डिचोली गाठू लागला. शाखा दादांच्या घराच्या ओसरीवरच होती. शिकवणी तिथेच चाले.

महिना होत आला तरी शिकवणी संपेना. मॅनेजरबाईंनी मला बघायला पाठवलं.

मी पोचलो तेव्हा गजाबाब आत हातपाय धूत होता. स्वयंपाकघरातून माशाच्या कढीचा वास येत होता. दादा एकटेच कॉम्प्युटरपुढे होते. त्यांनी नवा रिपोर्ट उघडला, बघितला, छापला. एकदाही चुकले नाहीत.

मी म्हटलं, “दादा, तुमका तर सगळा येता.”

“पयल्याच दिसा इला,” ते हळूच म्हणाले. “पण ह्यो हंय येता, चार गजाली करता, आमच्यावांगडा जेवता. बायल गेल्यापासून घरात तेका ‘जेवलंस?’ म्हणून विचारूक कोण नाय. तू बाईंक काय तां सांग.”

गजाबाब टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. मला बघून जरा बावरला. मग दादांकडे वळला.

“मग, समाजला मां आज?”

दादांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

“नाय रे बाबा. खंयतरी चुकताच. फाल्यां परत ये.”

गजाबाबने मान डोलावली आणि पाटावर जाऊन बसला. मॅनेजरबाईंना मी सांगितलं, अजून थोडे दिवस लागतील.