कॅक्टसच्या केसांची निगा

घरातली डोकी सांभाळण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, एवढा एकच अभिमान तिने आयुष्यात बाळगला होता. दर रविवारी सकाळी सहाला तिचा कारखाना सुरू व्हायचा. आधी थोरलीचे कमरेपर्यंतचे केस धुवायचे, मग धाकटीच्या उवा काढायच्या, मग नवऱ्याचा कलप. दुपारी दोनला स्वतःची वेणी घालायला बसली की तिचे हात वर होत नसत. घरातलं एकच डोकं तिच्याकडे काही मागत नव्हतं, ते सासऱ्यांचं. त्यावर केस नव्हते.

केसांची हौस सासऱ्यांनी कुंडीत भागवली होती. त्यांच्याकडे हातभर उंचीचा एक कॅक्टस होता, वरपासून खालपर्यंत लांब, पांढऱ्याशुभ्र केसांनी झाकलेला. कुणी आजोबा कुंडीत गळ्यापर्यंत पुरून घेऊन बसले आहेत असं वाटे. बी पेरल्यापासून अठरा वर्षं त्यांनी तो वाढवला होता. पाच वर्षं तो झाडांच्या प्रदर्शनात जात होता आणि पाचही वर्षं निवृत्त पोस्टमास्तरांचा गोल कॅक्टस बक्षीस घेऊन गेला होता.

"बक्षिसाचं जाऊ दे," सासरे दरवेळी कुंडी खाली ठेवत म्हणत, "पण याच्यापाशी कुणी दोन मिनिटं थांबतही नाही गं."

यंदा प्रदर्शनाच्या तोंडावर त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. इस्पितळ लेकीच्या घराजवळ होतं, म्हणून पंधरा दिवस तिकडेच राहायचं ठरलं.

"सूनबाई, तीनच गोष्टी," निघताना ते म्हणाले. "पाणी घालायचं नाही. जागा हलवायची नाही. आणि केस पांढरे राहिले पाहिजेत."

"निर्धास्त जा, बाबा. केसांचं मला सांगू नका."

इथेच तिचं चुकलं.

पाचव्या दिवशी धूळ झटकताना तिला कॅक्टसच्या केसांत बारीक, कापसासारखे ठिपके दिसले. नीट बघितलं तर ठिपके चालत होते. तिने कपाळाला हात लावला.

"आई, झाडाला उवा होतात?" धाकटीने विचारलं.

"तू शेजारी बसून अभ्यास केलास तर दगडालाही होतील."

तो झाडांवर पडणारा पिठ्या ढेकूण आहे, हे तिला कोण सांगणार? घरात उवांचं औषध होतं, बारीक फणी होती आणि चौदा वर्षांचा अनुभव होता. तिने औषध चोपडलं, तासभर ठेवलं, फणी फिरवली. केसांखाली काटे होते. धाकटी चिमट्याने आईच्या बोटांतले काटे काढत राहिली, आणि इतक्या वर्षांचा सूड म्हणून की काय, तिने ते अजिबात हळू काढले नाहीत.

किडे मेले. पण औषध तेलकट होतं. दुसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र केस जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे पडले. शाम्पू झाला, भांड्यांचा साबण झाला. पिवळेपणा सासऱ्यांच्या जुन्या बनियनसारखा चिवट. आणि बनियन म्हटल्यावर तिला नीळ आठवली.

कुंडीला प्लॅस्टिक बांधून, माती सांडू न देता, तिने कॅक्टस बादलीवर उलटा धरला. आजोबा पार्लरमध्ये डोकं धुवायला आल्यासारखे लटकले.

"अहो, पाण्यात दोन थेंब नीळ टाका," तिने नवऱ्याला हाक मारली. "दोनच."

नवऱ्याने बाटली दाबली. थेंब येईना. त्याने झाकण काढलं.

कॅक्टस निळा झाला. निळसर वगैरे नाही, शाळेच्या गणवेशासारखा निळा. चार वेळा धुतला तरी रंग हलला नाही.

"बोलू नकोस काही," नवरा हळूच म्हणाला. "बाबांना आता नीट दिसत नसेल."

पण बाबांना आता उत्तम दिसत होतं. पंधरा दिवसांनी घरात पाऊल टाकताच ते सरळ खिडकीतल्या कॅक्टसपाशी गेले आणि थबकले. 

"डॉक्टर म्हणाले होते," ते स्वतःशीच पुटपुटले. "नवीन भिंग आहे, पांढरं काही दिवस निळसर दिसेल."

"बाबा," तिने सगळा धीर गोळा केला, "तो निळाच आहे. माझ्या हातून झालं."

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नकोस, पोरी." त्यांनी नवा डोळा मिटून जुन्याने पाहिलं. "हे बघ, या डोळ्याने मळकट दिसतो. त्याने निळा. म्हणजे डॉक्टर बरोबर."

जेवताना तिने पुन्हा सांगितलं. निळीची बाटलीही दाखवली. "ही मात्र खरंच निळी दिसते," ते समाधानाने म्हणाले.

रविवारी ते कॅक्टस घेऊन प्रदर्शनाला गेले. त्या दिवशी तिने थोरलीच्या केसांना दोनदा शाम्पू लावला आणि नवऱ्याच्या मिशीला कलप लावायला विसरली. तिचं सगळं लक्ष दाराकडे.

संध्याकाळी सासरे आले. त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली. कुंडीवर चिठ्ठी होती: रंगवलेली झाडं स्पर्धेत घेतली जात नाहीत.



"निळाच आहे म्हणजे," सासरे म्हणाले.

"मी सांगत होते, बाबा."

"दोनदा सांगितलंस." ते खुर्चीत बसले. "सूनबाई, पाच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही याच्याकडे. आज रांग होती. लोक पोरांना उचलून दाखवत होते. पोस्टमास्तरांचं बक्षीस बघायला पोस्टमास्तरच उभे होते, आणि शेवटी तेही आमच्या रांगेत आले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा सुखाचा श्वास घेतला.

"सगळे विचारत होते, याच्या केसांची निगा कोण राखतं. मी अभिमानाने तुझं सांगितलं." सासऱ्यांनी चपला काढून नीट लावल्या. "तिघं जण त्यांचे कॅक्टस घेऊन येतायत, पुढच्या रविवारी. त्यातले एक पोस्टमास्तर. त्यांच्या कॅक्टसला केस नाहीत, पण ते म्हणाले, काट्यांवर करून बघायला काय हरकत आहे."

 ती उठून न्हाणीघरात गेली आणि बाटली उजेडात धरून पाहिली. तिघांना पुरेल एवढी नीळ उरली नव्हती.