अंजलीच्या होडीस ठिगळ लाविल्याची हकीकत

समस्त वाचकमंडळीस कल्याण असो. सातपूरच्या कॉलनीत एप्रिलमासी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत लिहोन काढावी ऐसा शेजाऱ्यांचा आग्रह पडला. सबब जैसे घडले तैसे, पदरची भर बेताने घालोन, लिहितो.

राजमान्य राजश्री धोंडीराव, पाणीपुरवठ्याचे निवृत्त हेडक्लार्क, यांची कन्या अंजली गंगापूर धरणावर कयाक, म्हणजे फायबरची निमुळती होडी, चालवीत असे. रविवारी जिल्हा संघाची निवड, आणि शुक्रवारी सकाळी होडी खडकास घासोन बुडास भगदाड पडिले. दुसरी होडी नाही, आणि होडी नाही तर निवड नाही. अंजली जेवली नाही. मग धोंडीरावांनी गच्चीवर खलबत भरविले.

मसलत पडली की ठिगळास रेझिन, म्हणजे चिकटवावयाची राळ, कोणते. पॉलिस्टरचा पक्ष निघाला. परंतु होडी मूळची इपॉक्सीची, तीवर पॉलिस्टर धड धरत नाही, म्हणोन तो पक्ष गारद जाहला. मग इपॉक्सी मुक्रर केले, आणि त्यातही ते घट्ट करणारे हार्डनर दोन: एक झटपट, एक मंद. चिरंजीव राकेश यांनी वेळ थोडा म्हणोन झटपटाची शिफारस केली. मग अंबडहून सरंजाम आणविला, आणि भगदाडाभोवती पॉलिशपेपर मारिला, आणि काचेचे कापड कातरिले, आणि अंजलीच्या मातोश्री सुलाबाईसाहेबांच्या स्वयंपाकघरातील प्लास्टिकच्या मगात रेझिन व हार्डनर कालविले.

इतक्यात शेजारचे गेणूभाऊ जिन्यात प्रकटले. "चला हो धोंडीराव, चहा टाकलाय."

न जावे तर वर्षभर बोभाटा. मग अवघी फौज चहास गेली, आणि एका कपावर दुसरा जाहला, आणि परतोन पाहती तो गच्चीवरच्या उन्हात मगातून धूर निघतो आहे, रेझिनाचा दगड जाहला आहे, आणि ब्रश त्यात निशाणासारखा उभा.

राकेश म्हणाले, "पप्पा, कालवलं की लगेच लावायचं असतं. सांगितलं होतं मी."

सुलाबाई म्हणाल्या, "मग काय चहाला नाही म्हणायचं? आणि मग माझा होता." (येथे पहिला मग बखरीतला, दुसरा स्वयंपाकघरातला.)

तेव्हां धोंडीरावांचे फर्मान सुटले की, चहाची रीत मोडणे नाही, हार्डनर बदलावा. ज्याचे मिश्रण दोन चहा सोसेल तोच घरात यावा.

शनिवारी सकाळी मंद हार्डनर कालविला, आणि खालून चहा आला, आणि गेणूभाऊंकडचाही आला, आणि मिश्रण पातळच. मग कापडाचे थर निवांत बसविले. अंजलीस धास्ती की हे उद्यापर्यंत वाळते कैसे. परंतु शुक्रवारी ज्याने घात केला तोच गच्चीवरचा उन्हाळा कुमकेस धावला. सायंकाळी तिने ठिगळास नख रोविले तो नख वाकले, ठिगळ न वाकले.

रविवारी अंजलीने धरणाचे पाणी कापिले आणि तिची निवड जाहली. दप्तरी नोंद ऐसी की, होडी काठास लागताच पाहणी केली. आतून कोरडी ठणठणीत. केवळ ठिगळावर किंचित ओल आढळली. ती खालून आलेली नव्हे. पाहणीस धोंडीराव स्वतः ओणवे जाहले होते, ते डोळे पुशीत उठले.