तिखट जास्त झालं

लग्न होऊन नेरला आले त्याच आठवड्यात एका परक्या माणसाने माझ्या वांग्याच्या रश्शात बोट घातलं. मी नवी नवरी, हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता. हे गृहस्थ मागच्या दाराने आले, गंजावरचं झाकण उचललं, बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, मग बोट आणि अंगठा हळूहळू लांब नेत उजेडात धरले आणि मान हलवून म्हणाले, "ओल हाय. बंडी बाजूले घे."

मी ओरडणार, तेवढ्यात सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अवं, आपले दादारावजी हायेत ते. शेजारचे. ग्रेडर होते."

जसं काही ग्रेडर होता म्हटलं की माणसाला कुणाच्याही गंजात बोट घालायची मुभा मिळते!

दादारावजी म्हणजे आमचे काकाजी. अख्खी नोकरी त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर काढली. शेतकरी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन उभा राहिला की हे ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला कापूस ओढून काढायचे, दोन बोटांत धागा ताणून उजेडात बघायचे आणि एका शब्दात त्या माणसाच्या वर्षाचा निकाल लावायचे. भिजलेला असला तर ओल. किडका, डागाळलेला असला तर कवडी. आणि हंगाम संपल्यावर उरलासुरला झोडपून आणलेला असला तर फरतड. माल पास नसला की पुढचं ठरलेलं वाक्य, "बंडी बाजूले घे." काकाजी रिटायर झाले, बोट काही रिटायर झालं नाही. केंद्रावरून उठलं ते सरळ गल्लीतल्या रश्शांत येऊन पडलं.

मी शाळेत शिकवते, माझा आवाज गल्लीभर जातो आणि मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण काकाजींपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. गल्लीतल्या एका लग्नात पंगत बसली होती. काकाजींनी रश्शात बोट बुडवलं, ताणलं, पाहिलं आणि खड्या आवाजात एकच शब्द टाकला, "फरतड!" नवरदेवाच्या मामांनी न जेवताच पान पुढे सरकवलं. त्यांचं बघून अख्ख्या रांगेने सरकवलं. आचारी झारा घेऊन अंगावर धावला, तर काकाजी त्यालाच समजावतात, "बाबू, कांदा कच्चा रायला. मिक्सरमंधी घुमवला ना तू? मिक्सर धागा तोडते."

त्यांचा स्वतःचा, गल्लीत वाटायला केलेला रस्सा कसा व्हायचा, ते मी भिंतीवरून कितीदा तरी पाहिलंय. पाटोडीचा रस्सा. गॅसवर नाही, मागच्या अंगणातल्या चुलीवर, आणि सरपण पऱ्हाट्यांचंच. कपाशीची झाडं वाळली की त्याच काड्या आमच्याकडे चुलीत जातात. त्या निखाऱ्यात ते कांदे सालासकट पुरायचे. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर काळपट करायचे. धने, तीळ, खसखस, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र टाकलं तर खैर नाही. मग पाटा. पाट्यावर ते असे बसायचे की दोन तास हलायचं नाव नाही. मधे मधे मसाला दोन बोटांत धरून ताणायचे. "अजून धागा नाही आला," म्हणून पुन्हा वरवंटा. मग जवसाच्या तेलात तो मसाला परतायचा, तेल कडेने सुटेपर्यंत, आणि मग भिवापुरी मिरचीचं तिखट. लालभडक तवंग वर आला की बेसन शिजवून, थापून, कापलेल्या पाटोड्या एकेक करून आत सोडायच्या.

एवढं करून हा माणूस चाखायचा मात्र नाही. वास घ्यायचा, रंग बघायचा, बोट ताणायचा, बस.

"रंग पाहून चव सांगतात," दारात पाटावर बसलेल्या कमलकाकू म्हणायच्या. काकू कळंबची लेक, जिभेला धार. "मले पाहाले आले तवाबी असंच. दुरूनच पाह्यलं अन् 'चालते' म्हनले. म्हातारी झाली मी, अजून वरचा ग्रेड देल्ला नाही."

"देल्ला असता त भाव वाढला असता तुहा," काकाजी वरवंटा न थांबवता म्हणायचे.

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं असं दिवसभर चालायचं. आम्ही भिंतीला कान लावून हसायचो.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. बोंडात अळी, म्हणून औषधावर औषध. आधी एकदा फवारायचे तिथे चारदा फवारायला लागले. तोंडाला नुसता रुमाल बांधून माणसं डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत शिरायची, आणि संध्याकाळी कुणाला दिसेनासं व्हायचं, कुणाला उलट्या व्हायच्या. कुणी यवतमाळच्या दवाखान्यातून परत यायचं, कुणी यायचं नाही. शाळेत हजेरी घेताना एखादं पोरगं गैरहजर असलं की मला विचारायची भीती वाटायची.

त्याच वर्षांत काकाजींचं नवं खूळ सुरू झालं. मयत झालेल्या घरी ते रस्सा घेऊन जायला लागले. पितळी गंज, त्यावर झाकण, वरून घट्ट फडकं, आणि तो गंज मांडीवर घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टर ओळखायला लागले होते. गंज दिसला की मुकाट्याने जागा करून द्यायचे, कारण कुणाच्या तरी घरी कुणी तरी गेलंय हे कळायचं.

आता आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे डबा नेतात, हे खरं. पण त्या डब्यात फोडणी नसते, हळद नसते, तिखट तर नसतंच नसतं. साधं वरण, भात, भाकर. आणि हा माणूस लालभडक तवंगाचा रस्सा घेऊन जातो! गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. कुणी म्हणालं, केंद्रावर लोकांच्या बंड्या बाजूला काढल्या, आता पाप फेडून राह्यला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ते पाट्यावर बसले होते, मी सरळ जाऊन विचारलं.

"लोक काय म्हंतात ते मले मालूम हाय," काकाजी म्हणाले. "वाटू दे मले. धागा तुटते."

त्या फवारणीच्या दिवसांतच मंगेश गेला. माझा विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा. दहावी नापास झाला आणि रोजाने फवारायला जायला लागला. त्याच्या गावी मी निघाले तर स्टँडवर काकाजी, मांडीवर गंज.

फाट्यावर उतरून चालत गेलो. घरात बायकांचा आकांत चालला होता. माझा तर पाय उंबऱ्यातच अडला, मंगेशच्या आईने मला मिठी मारली आणि मीही रडले. काकाजी आत आले नाहीत. अंगणातल्या माणसांत उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "जेवून कोन नाही राह्यलं?"

कुणी तरी मंगेशच्या बापाकडे बोट दाखवलं. देवराव. गोठ्याच्या खांबाला टेकून बसला होता. त्यानेच पोराला दवाखान्यात नेलं, त्यानेच आणलं, त्यानेच अग्नी दिला. तेव्हापासून शब्द नाही, घास नाही, डोळ्यांत टिपूस नाही. लोक येऊन खांद्यावर हात ठेवायचे, "देवराव, खंबीर राहा, तूच असा बसला तर कसं," म्हणायचे आणि तो मान हलवायचा.

काकाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसले. थाळीत भाकर कुस्करली, वर रस्सा ओतला आणि थाळी त्याच्या मांडीवरच ठेवली. "हाताखालून गेला हाय तुहा कापूस," म्हणाले. "चांगला होता. खा."

का कुणास ठाऊक, देवरावने घास घेतला. घेतला आणि ठसका लागला. डोळे भरले, नाक वाहायला लागलं. काकाजी मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिखट जास्त झालं काय गा? माहाच हात जड पडला. मिर्ची लयच जहाल निघाली यंदा."

देवरावने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. डोळ्यांतून नुसती धार लागली होती, खांदे हलत होते, आणि तो खातच होता. अंगणातली माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

मला मात्र संताप आला. परतीच्या एसटीत मी काकाजींना झापलं. "काकाजी, अहो, जरा तरी विचार करायचा! त्याचं पोरगं गेलंय आणि तुम्ही त्याला मिरच्या खाऊ घालता? हात जड पडतो तर मोजून टाका ना!"

"हो सूनबाई," रिकामा गंज मांडीवर धरून ते म्हणाले. "चुकते कधी कधी."

पुढच्या खेपेलाही चुकलं. त्याच्या पुढच्याही. ज्या ज्या घरी गेले, तिथून एकच गोष्ट कानावर यायची, म्हाताऱ्याचा रस्सा फार तिखट होता. मी म्हटलं, एवढी वर्षं लोकांच्या रश्शाला नावं ठेवली, आता याला तिखटाचा अंदाज येईना.

पोळा झाला आणि काकू आजारी पडल्या. तापाचं निमित्त. आठवडाभरात खेळ संपला.

काकाजींनी सगळं नीट केलं. कुणाला फोन करायचे, तिरडीला बांबू कुठून आणायचे, सगळं त्यांनीच सांगितलं. आमचे हे मसणात गेले होते, परत येऊन सांगत होते, की सरणाची लाकडं आली तेव्हा काकाजींनी एक ओंडका उचलून हातात तोलला आणि म्हणाले, "ओल हाय. बंडी बाजूले घ्या." कुणाला हसूही आलं नाही. कोरडी लाकडं आणवली, मगच रचू दिली.

संध्याकाळी मी डबा नेला. रीतीप्रमाणे, वरण-भात, फोडणी नाही, हळद नाही. थाळी वाढून समोर ठेवली. काकाजी बघत बसले. सकाळी तसाच भात परत आणला. दुपारी भाकर नेली, तीही तशीच. गल्लीतले लोक येत होते, "काकाजी, तुम्ही तर मोठे खंबीर," म्हणत होते आणि ते मान हलवत होते. मला भीती कशाची वाटली सांगू? त्यांनी वरणात बोट घातलं नाही. "बंडी बाजूले घे" म्हणाले असते तरी मी देवाला नारळ फोडला असता. या माणसाने अन्न सोडलं तर हा काकूंच्या मागोमाग जातो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संध्याकाळी पुन्हा थाळी घेऊन गेले. ते थाळीकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "सूनबाई, तिखट नाही काय?"

"सुतकात तिखट, काकाजी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी थाळी बाजूला सरकवली. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात गेले, मिसळणाचा डबा उघडला. मोहरी होती, जिरं होतं, हळद होती, धने होते. तिखट नव्हतं. फळीवर बघितलं, बरण्या उघडल्या. कुठेच नव्हतं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "त्या घरात कुठचं तिखट," त्या म्हणाल्या. "कमलले पित्ताचं दुखनं. लग्न झाल्यापासून तिखट चालत नव्हतं तिले. तवापासून हाही खात नाही. लोकाच्या घरी न्यायचं असलं का पुडी आनते, उरलं का वाटून टाकते."

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. हा माणूस आयुष्यभर बिनतिखटाचं जेवला. आणि धने-तीळसुद्धा वेगवेगळे भाजणाऱ्याचा, धाग्याच्या लांबीवरून माल ओळखणाऱ्याचा हात फक्त मिरचीवरच, फक्त मयतीच्या घरीच जड पडत होता? मला देवरावचे हलणारे खांदे आठवले. "चुकते कधी कधी," म्हणे! आणि मी शहाणी त्यांना मोजून टाका म्हणून सांगत होते.

मी पदर खोचला. मागच्या अंगणातली चूल पेटवली. पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत गेला. कांदे निखाऱ्यात पुरले, खोबरं काळं केलं. पाट्यावर बसले. दोन बायका आल्याच, "अवं, सुतक हाय, फोडनी कायले देते?" म्हणायला. सासूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "करू दे तिले." मसाला वाटता वाटता माझे हात भरून आले तरी धागा येईपर्यंत मी उठले नाही. आणि आमच्या घरातलं होतं नव्हतं तेवढं भिवापुरी तिखट त्या तेलात घातलं. ठसक्याने अख्खी गल्ली खोकली.

थाळीत भाकर कुस्करली, वर रस्सा ओतला, थाळी काकाजींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी रश्शात बोट बुडवलं. अंगठ्यावर घासलं. हळूहळू ताणलं, दिव्याच्या उजेडात धरलं. ना ओल म्हणाले, ना फरतड. घास घेतला.

लग्नानंतरचा तो त्यांचा पहिला तिखट घास असेल. असा ठसका लागला की मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. दुसरा घास घेतला. डोळे भरले, गालांवरून, मिशीवरून पाणी थाळीत पडायला लागलं, आणि मग अंगातून एक आवाज निघाला, जो मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. दारात आलेली माणसं तिथेच थबकली.

काकाजींनी माझ्याकडे वर पाहिलं. बोलता येत नव्हतं, तरी बोलले.

"तिखट... तिखट जास्त झालं, सूनबाई."

"हो काकाजी," मी दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले. "माझाच हात जड पडला. मिरची फार जहाल निघाली यंदा."

त्यांनी थाळी पुढे केली. मी वाढलं.