ऐंशीच्या आत

आपल्या गाडीत शंभर घोडे आहेत आणि शंभरच्या शंभर अजून तरणेबांड आहेत, हे आप्पा जेवायला बसले की हमखास सांगत.

"मग परवा चढावर कुठे चरायला गेले होते?" बाळाला भरवता भरवता सूनबाईने विचारलं. "डोस द्यायला निघालेलो, तर बाळाला कडेवर घेऊन मला उतरावं लागलं."

शेवटी ठरलं. शनिवारी गाडी डायनोवर चढवायची. चाकं रोलरवर पळवून इंजिनाची ताकद सांगणारं ते यंत्र कुणाची भीडभाड ठेवत नाही म्हणे. आकडा ऐंशीच्या आत आला, तर गाडी विकायची.

आप्पांच्या मुलाला गाडी विकायची नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी आप्पांनी त्याला याच गाडीतून नेलं होतं, रडत, म्हणजे दोघंही. शुक्रवारी तो गुपचूप डायनोवाल्याला भेटून आला. "आप्पांचा जीव आहे हो गाडीत. आकडा जरा बरा येऊ द्या."

शनिवारी पट्टे आवळले, पंखा लागला, गाडी जागच्या जागी गुरगुरली. एकाहत्तर.

सूनबाई खुश. डायनोवाल्याने टायरमध्ये हवा भरली, इंजिन निवू दिलं. शहाऐंशी.

मुलगा खुश. मग पट्टे आणखी आवळले. चौऱ्याहत्तर.

"यंत्र आहे की हवामानाचा अंदाज?" मुलगा वैतागला.

डायनोवाल्याने हात पुसले. "साहेब, हवा, पट्टे, उष्णता, सगळ्यानेच आकडा हलतो. त्यात तुम्हाला आकडा हवा जास्त. वहिनींचा फोन, की खरं तेच सांगा, फक्त ऐंशीच्या आत. म्हटलं, प्रत्येकाला एकेक फेरी देऊ."

"फेऱ्या तर तीन झाल्या."

"तिसरी आप्पांची. ते गुरुवारीच येऊन गेले. कमी दाखवा म्हणाले."

आप्पा बॉनेटवरची धूळ पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, "संध्याकाळचं नीट दिसत नाही रे आता. गाडीत बाळ असतं. पण मी कसं सांगू? म्हटलं, यंत्रच सांगेल."

सूनबाईने बाळ त्यांच्या कडेवर दिलं.

"आता कुणीही काही सांगू नका," म्हणत डायनोवाल्याने चौथी फेरी घेतली. आकडा आला बरोब्बर ऐंशी.

ऐंशीच्या आत नाही, म्हणजे विकायची नाही. घरी परतताना सूनबाईने गाडी चालवली, आप्पा बाळाला घेऊन मागे बसले, मुलगा त्यांच्या शेजारी.

चढ आला. कुणी काही बोलायच्या आत बाप-लेक दोघेही, आप्पा तर बाळाला कडेवर घेऊनच, दार उघडून खाली उतरले आणि ढकलू लागले.