मुर्तिजापूर रस्त्यावरील पारितोषिकप्राप्त पाणपोई

१९६२ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडातील सर्वोत्कृष्ट इमारत कोणती, हे ठरवणे निकडीचे झाले. इमारती त्याआधीही होत्या आणि लोक त्यांत राहतही होते. परंतु त्यांतली उत्कृष्ट कोणती याची अधिकृत माहिती कोणालाच नसल्याने लोक गैरसमजात राहत आहेत, असे अमरावतीच्या सुरचना पारितोषिक समितीचे मत पडले. समितीचे चिटणीस किसनराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सत्तावीस नियम केले, पितळी ढाल घडवून घेतली, ढाल देण्यासाठी एका मंत्र्यांची तारीख घेतली आणि मग परीक्षक शोधायला निघाले.

परीक्षक स्वतः वास्तुशिल्पी हवा आणि तो वऱ्हाडातलाच हवा, असा नियम होता. असे दोघे सापडले. अमरावतीचे हरिहर बोधनकर आणि अकोल्याचे उद्धवराव मालपाठक. हे दोघे एका जिन्याच्या रुंदीवरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा तिसरा परीक्षक तटस्थ असणे भाग होते. किसनरावांनी रेल्वेचे टाइमटेबल काढले, अकोला आणि अमरावतीजवळचे बडनेरा यांच्या मधोमध बोट ठेवले, ते मुर्तिजापूरवर पडले. सुदैवाने तिथे चारुशीला गोखरे नावाच्या बाई होत्या. मुंबईला वास्तुशास्त्र शिकलेल्या, गावातल्या डॉक्टरांच्या पत्नी. बाईमाणसाच्या नकाशावर घर बांधायला अजून कोणी तयार न झाल्यामुळे त्यांची एकही इमारत उभी नव्हती, आणि म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल समितीला शंका उरली नाही.

स्पर्धेसाठी चौदा इमारती आल्या. सात हरिहररावांच्या, सात उद्धवरावांच्या. परीक्षकाने स्वतःच्या इमारतीला गुण देऊ नयेत, असा नववा नियम असल्याने हरिहररावांच्या सातही इमारतींना उद्धवरावांनी शून्य दिले आणि उद्धवरावांच्या सातही इमारतींना हरिहररावांनी. कारणे मात्र दोघांनीही सविस्तर लिहिली. हरिहररावांना जहाजाच्या खिडक्या आवडत. अमरावतीच्या एका सरकी व्यापाऱ्याच्या घराला त्यांनी अशा बावीस गोल खिडक्या ठेवल्या होत्या. त्यांतून समुद्र दिसत नाही, असा उद्धवरावांचा आक्षेप होता. उद्धवरावांनी अकोल्यात एका शाळेचे छप्पर फुलपाखराच्या पंखांसारखे आत उतरते केले होते. पावसाचे सगळे पाणी मधोमध गोळा होऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर उतरते, हे हरिहररावांनी नमूद केले.

निकाल आता चारुशीलाबाईंच्या गुणांवर होता. त्या प्रत्येक इमारतीत जाऊन आतल्या माणसांना विचारत फिरल्या. व्यापाऱ्याची आई तारा म्हणाली, की खिडक्या उघडत नाहीत म्हणून आम्ही दुपारी गोठ्यात बसतो. बाईंनी ते तसेच लिहून घेतले. किसनरावांनी तो कागद परत केला. इमारतीत राहणाऱ्याचे मत हे तांत्रिक मत नसून ऐकीव माहिती आहे, असा शेरा त्यावर होता. राहणाऱ्यांची मते वगळल्यावर बाईंपाशी गुण देण्यासारखे काही उरले नाही आणि त्यांनीही चौदा शून्ये दिली.

मंत्र्यांची तारीख बारा दिवसांवर आली आणि ढाल कोणाला द्यायची, ते ठरेना.

अकोल्याची शाळा दुसऱ्यांदा तपासून समितीची जीप परत येत होती. मुर्तिजापूरच्या अलीकडे इंजिन उकळले. मे महिन्याची दुपार. रस्त्याच्या कडेला एका मोठ्या निंबाच्या बुंध्याला टेकून तुराट्यांचा कूड आणि पळसाच्या पानांचे छप्पर केले होते. आत ओल्या वाळूवर पाच रांजण. ही जाईबाईची पाणपोई. तिचा नवरा डोमाजी सडकदुरुस्तीच्या गँगमध्ये मजूर होता. दोघांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात जाईबाईने ही पाणपोई मांडली. इथे कोणी कोणाला वरून पाणी ओतत नसे. पाणी काढायचा लांब दांड्याचा डोया रांजणात ठेवलेला असे. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावे आणि प्यावे.

हरिहरराव आणि उद्धवराव क्षणभर एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग दोघांनी तीन-तीन पेले घेतले. चारुशीलाबाई केव्हाच घेऊन खाली बसल्या होत्या. तुराट्यांच्या फटींतून वारा येत होता तो गार लागत होता. हरिहरराव घोरायला लागले. जागे झाल्यावर ते अकरा वर्षांत प्रथमच उद्धवरावांशी बोलले. हवा चांगली खेळते, असे ते म्हणाले. उद्धवरावांनी मान्य केले. इमारत अमरावतीची नव्हती, अकोल्याची नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती दुसऱ्याची नव्हती. तिन्ही परीक्षकांनी शंभरपैकी शंभर गुण दिले. अहवालात फक्त एक वाक्य उद्धवरावांनी आग्रहाने घातले, की पाण्याची चव हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने ती घेण्यात आली नाही.

किसनरावांना हायसे वाटले आणि त्यांनी नियम उघडले. सहाव्या नियमाप्रमाणे नकाशा जोडणे आवश्यक होते. जाईबाईपाशी नकाशा नव्हता. तेव्हा परीक्षकांनीच तो करावा असे ठरले. चारुशीलाबाईंनी दिवसभर तिथे बसून, टेप लावून, पाणपोई होती तशी काढली. तो नकाशा किसनरावांनी नाकारला. त्यात एका खांबाच्या जागी झाड दाखवले होते आणि झाड हे मंजूर बांधकाम साहित्यात येत नव्हते. शिवाय फांद्यांची मापे दर वर्षी बदलतात. मग राहिलेल्या दोघांनी नकाशा केला. हरिहररावांनी गोल खिडक्या घातल्या. उद्धवरावांनी छप्पर आत उतरते केले. पाण्याचे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा दोघांचे एका मिनिटात एकमत झाले. रांजण भिंतीमागे बंद राहावेत आणि भिंतीतून एक नळी बाहेर यावी. पिणाऱ्याने खाली ओंजळ धरावी.

नकाशा मंजूर झाला. त्याबरोबर असे लक्षात आले, की जाईबाईची पाणपोई मंजूर नकाशाप्रमाणे नाही. म्हणजे ती बेकायदेशीर होती. नकाशा दुरुस्त करावा की इमारत, यावर किसनरावांनी एक दिवस विचार केला. नकाशावर सह्या होत्या. इमारतीवर एकही सही नव्हती.

जुनीच्या जागी आठ दिवसांत सिमेंटची पाणपोई उभी राहिली. निंब रेषेच्या आत येत होता, तो तोडला.

शेवटची अडचण बाविसाव्या नियमाची होती. रचनाकार म्हणून नकाशावर परीक्षकांचीच नावे होती आणि परीक्षकाला पारितोषिक घेता येत नव्हते. किसनरावांनी दोघांचे राजीनामे मागच्या तारखेने घेतले. म्हणजे निकाल लागला तेव्हा तीनपैकी दोन परीक्षकच नव्हते, असे चारुशीलाबाईंनी लेखी कळवले. निकाल लागल्यावर परीक्षकांची गरज नसते, असे लेखी उत्तर त्यांना मिळाले. त्यांचे पत्र फाइलला लावण्यात आले.

समारंभाच्या दुपारी चारुशीलाबाई मुर्तिजापूरहून आल्या, पण मांडवात गेल्या नाहीत. जाईबाई रस्त्यापलीकडे आपल्या पाच रिकाम्या रांजणांशी बसली होती. पाणी द्यायला तिलाच ठेवणार असल्याचे, आणि भिंतीमागे तिला उभे राहायला जागा केल्याचे, किसनराव तिला सांगून गेले होते. तुम्ही काय ठरवलंत, असे बाईंनी विचारले.

जाईबाईने त्या नळीकडे बोट केले. "बाई, थे घर चांगलं असन," ती म्हणाली. "मोठ्या मान्सायनं बांधलं. पण वरतून पडलेलं पाणी ओंजळीत घ्याचं आमी सहा वर्सापयले सोडलं. आता मीच दुसऱ्याले तसं काहून पाजू?"

बाईंनी पदर खोचला आणि एका रांजणाची दुसरी बाजू धरली. पन्नास पावलांवर एक बाभूळ होती. मांडवात भाषणे चालली तोवर दोघींनी पाच रांजण तिथे नेले. संध्याकाळी डोमाजी तुराट्या घेऊन आला, तेव्हा चारुशीलाबाईंनी वारा कुठून येतो ते पदर धरून पाहिले आणि कूड त्या बाजूला फटी ठेवून बांधायला लावला. कागद त्यांनी काढलाच नाही. त्यांची उभी राहिलेली पहिली इमारत ती हीच.

मंत्र्यांनी ढाल दिली. उद्घाटनाचे पाणी प्यायला त्यांनी ओंजळ धरली, तेव्हा पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या नळीतून आलेल्या पाण्याने त्यांचे हात पोळले. वृत्तपत्रांनी त्यांनी हात जोडल्याचे छापले. महिनाभराने जाईबाईला नोटीस गेली, की तिचे छप्पर पारितोषिकप्राप्त इमारतीच्या दर्शनात अडथळा आणते. चारुशीलाबाईंनी तिच्या वतीने उत्तर दिले, की छप्पर हे मंजूर नकाशात कुठेच नसल्याने कायद्याच्या दृष्टीने ते अस्तित्वात नाही; जे नाही ते हलवायचे कसे. किसनरावांना हा युक्तिवाद इतका आवडला, की त्यांनी नोटीस परत घेतली.

पुढच्या वर्षी समितीने पारितोषिकप्राप्त पाणपोईविषयी जनतेचे अभिप्राय मागवले. एकशे नव्वद पत्रे आली. इमारत भव्य, आधुनिक आणि वऱ्हाडचे भूषण असल्याचे सर्वांनी लिहिले. तिथले पाणी प्यायल्याचे एकानेही लिहिले नाही. बरीचशी पत्रे बाभळीखाली बसून लिहिलेली असावीत. कारण कागदांवर ओल्या पेल्यांचे गोल उमटलेले होते. हे लिहिण्यापूर्वी किसनरावांनी ती फाइल मला दाखवली. आणि हे वाचणारे तुम्ही, तुमचे पत्र वरून सातवे आहे. अक्षर सुरेख आहे तुमचे.