थांबून चालणारा वायपर

बंडोपंतांच्या फियाटचा वायपर एकदा काच पुसायचा आणि गप्प उभा राहायचा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. त्यांच्या एम.एस्सी. झालेल्या मुलीनं, सुमतीनं, मुद्दाम तशी जोडणी केली होती. रिमझिम पावसात कोरडी काच कशाला घासत बसायची? जोडणीतला कंडेन्सर विजेनं सावकाश भरतो, तोवर थेंब जमतात. भरला की वायपर हलतो.

सदाशिवरावांना हे ठाऊक नव्हतं. ते मुलासाठी सुमतीला पाहायला आर्वीपलीकडच्या तळेगावहून वर्ध्याला आले होते. त्यांचा अच्युत सुमतीला मनापासून आवडला होता; सदाशिवरावांचा होकार तेवढा बाकी होता. परतीची एसटी चुकली, म्हणून बंडोपंत त्यांना घरी सोडायला निघाले. मागे सुमती बसली.

आर्वीच्या पुढे रिमझिम सुरू झाली आणि सदाशिवरावांना थांबलेला वायपर दिसला.

"अटकला जी!" त्यांनी खिडकीतून हात काढून वायपरला टिचकी मारली. नेमका तेव्हाच कंडेन्सर भरला. वायपर हलला.

"पाह्यलं? हात लागाले पाह्यजे."

"वा!" बंडोपंत म्हणाले, आणि आरशातून त्यांनी मुलीला डोळ्यांनीच दटावलं. होऊ घातलेल्या व्याह्याला खोटं कसं पाडायचं?

बाहेर संत्र्याच्या बागा थेंबाथेंबांत विरघळायच्या आणि पुन्हा हिरव्यागार उभ्या राहायच्या. टेकड्या दिसायच्या, पुसट व्हायच्या. पेंगणाऱ्या आईनं पाळणा हलवावा, तसा सदाशिवरावांचा हात बाहेर जात होता, येत होता. बाही खांद्यापर्यंत भिजली. मग ते शिंकले. पुन्हा शिंकले.

सुमतीला राहवेना. "काकाजी, हात आत घ्या."

"काऊन? मंग वायपर कोन चालवन?"

"तो आपोआप चालते जी. मीच तसा केला. थांबते, मंग चालते."

बंडोपंतांचा गिअर करकरला. सदाशिवरावांनी निमूटपणे हात आत घेतला. काच थेंबांनी भरली. वायपर हलला. थांबला. पुन्हा हलला. ते एकटक पाहत राहिले; चेहऱ्यावरची रेषही हलेना. सुमतीनं होकाराची आशा सोडली.

"शिकला!" सदाशिवराव एकदम ओरडले. "बंडोपंत, हात लावू लावू शिकवला म्या त्याले!"

सुमतीनं तोंड उघडलं. बंडोपंत मोठ्यानं खोकले. तिनं ते मिटलं.

"आमचा अच्युत बी असाच हाये जी, धक्का देल्याशिवाय हालत नाई." भिजलेली बाही पिळत सदाशिवराव मागे वळले. "पन सूनबाई, तो शिकला असं वाटलं, तरी हात काढजो नको."